मुलामा म्हणू नका

आप्पांसमोर ‘मुलामा’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी काढला की ते हातातलं काम थांबवायचे, हातमोजे उतरवून टेबलावर ठेवायचे आणि दाराकडे बोट दाखवायचे. “भाईर जावा. आन् परत आत येऊन नीट इचारा.” समोर गिऱ्हाईक असो, तपासणीला आलेला साहेब असो, नाहीतर आमचे मालक खुद्द शेठ असोत. शेठ एकदा खरोखरच बाहेर जाऊन परत आत आले होते. मी पाहिलंय.

कारेगावजवळच्या एका शेडमध्ये आमचं काम चालायचं. स्टीलच्या वस्तू यायच्या, नळ, दाराच्या मुठी, घड्याळाचे पट्टे, जिन्याचे कठडे. जाताना त्या सोनेरी, गुलाबी नाहीतर काळ्या होऊन जायच्या. रंग द्यायचा नाही, सोनाराकडे चढवतात तसं पाणीही चढवायचं नाही. माल एका मोठ्या पोलादी टाकीत टांगायचा, दार आवळायचं, पंपानं आतली सगळी हवा ओढून घ्यायची आणि मग विजेच्या ठिणगीनं टायटॅनियम धातूची वाफ करायची. त्यात बेतानं नायट्रोजन सोडला की मालावर सोनेरी थर बसतो. केसापेक्षा कितीतरी पातळ, पण वर्षानुवर्षं घासला तरी जागचा हलत नाही. त्या टाकीला आम्ही चेंबर म्हणायचो आणि चेंबर आप्पांच्या ताब्यात होतं.

“मुलामा उतरतो,” आप्पा म्हणायचे. “मुलामा म्हंजी आत एक आन् भाईर दुसरंच. आपलं काम तसलं न्हाई. ह्येला थर म्हणा, कोटिंग म्हणा, न्हाईतर गप ऱ्हावा.”

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते निमोण्याहून मोटारसायकल मारत दौंडला माझ्या दारात येतील, हे सगळं उभ्या उभ्या वाचतील आणि पंपाबद्दल एवढंच लिहिलं म्हणून भांडतील. मी भांडायला घाबरत नाही. पण त्यांच्याशी भांडून अजून कुणी जिंकलेलं नाही.

मी मूळची दौंडची. डिप्लोमा झाल्यावर त्या शेडमध्ये क्वालिटीला लागले, म्हणजे तयार माल तपासायचा आणि कागदावर सही करायची. कारेगावातच खोली घेतली होती. पहिल्या दिवशी मी नवा ड्रेस, केसांना तेल, घट्ट वेणी अशा थाटात चेंबरच्या खोलीत शिरायला गेले, तर आप्पांनी दारातच अडवलं. आरशासारखी घासलेली स्टीलची एक पट्टी पुढं केली आणि म्हणाले, “ह्येच्यावर अंगठा उठवा, म्याडम.”

मला वाटलं, हजेरीची काही पद्धत असेल. उठवला. पट्टीवर डोळ्यांना काही दिसेना. आप्पांनी ती त्या दिवशीच्या मालाबरोबर कोपऱ्यात टांगली. दुपारी चेंबर उघडलं तेव्हा सगळी पट्टी सोनेरी झाली होती आणि मधोमध माझा अंगठा, एक एक रेघ मोजता येईल असा, काळपट उमटला होता.

“डोक्याला काय लावता? खोबरेल?”

“बदामाचं तेल,” मी म्हणाले.

“मग बदामाचा डाग हाय ह्यो. आता घासा, पुसा, काय करायचं ती करा. ह्यो जायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून मी केस धुऊन, तेल न लावता, टोपीखाली कोंबून यायला लागले. सुट्टीला घरी गेले की आई म्हणायची, कारखान्यात जाऊन केसांची पार वाट लावून घेतलीस.

माझं निदान झाकण्यावर भागलं. आप्पांनी मिशी उतरवली होती. आमच्याकडे शेतकरी घरात पन्नाशीच्या माणसानं मिशी काढली तर लोक एकच अर्थ काढतात, की बाप गेला. आप्पांच्या मिशीचा एक केस नळांच्या घाण्यात पडला होता. तेवढ्या जागेवर थर बसला नाही आणि चार नळ बाद झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी मिशी सफाचट केली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून निमोण्यातली माणसं लांब चेहरे करून त्यांच्या दारात यायला लागली. ओट्यावर आप्पांचे वडील तंबाखू मळत बसलेले. आलेल्याला ते सांगायचे, “मी हाय अजून. आत जावा आन् त्येलाच इचारा कोण मेलंय.” काही जण खरंच आत जाऊन विचारायचे. आप्पा सांगायचे, “चार नळ मेलं.” त्यानंतर त्यांनी मिशी पुन्हा ठेवली नाही आणि गावानंही विचारायचं सोडून दिलं.

चेंबरमधली हवा ओढायला चारेक तास लागायचे. त्या वेळात आप्पा पंपाशेजारी स्टूल टाकून मान खाली घालून बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा पेंगतोय. ते पंप ऐकत असायचे. काट्यावर दिसायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं की कुठंतरी हवा शिरते आहे. “सगळ्यात अवघड माल कंचा, सांगा,” एकदा त्यांनी मला विचारलं. मी पितळ म्हणाले, कारण पितळेच्या भोकांतून गॅस सुटत राहतो आणि आप्पा त्याला ‘पितळाला घाम आला’ म्हणत. त्यांनी मान हलवली. “काहीच नसणं. ही टाकी बघा. हिच्यात काहीच न्हाई असं करायचंय. भाईर एवढी हवा आत घुसाया टपली हाय. आन् लोक म्हणत्यात, आप्पा नुसता बसून ऱ्हातो.”

एका खंडेनवमीला मात्र ही हवा कुंकवाच्या पावलांनी आली. अवजारांची पूजा आमच्या भागात कुणी चुकवत नाही. नांगराची होते, ट्रॅक्टरची होते, लेथ मशीनची होते. आप्पा त्या दिवशी पाहुण्यांकडे गेले होते, म्हणून शेठच्या सौभाग्यवतींनी स्वतः पूजा मांडली. हार, नारळ, पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची. आणि आत देव असतो या भावनेनं बिचारीनं चेंबरचं दार उघडून अक्षताही वाहिल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंप लावला तर हवा निघता निघेना. दोन दिवस आम्ही पाइप तपासले, जोड तपासले. कंपनीचा माणूस पुण्याहून आला आणि पंप बदला म्हणून सांगून गेला. आप्पा त्याला म्हणाले, “पंप खणखणीत हाय. तुमचे कान बदला.” मग त्यांनी दाराचं रबरी कडं चिमटीनं खाचेतून उचललं. खाली तांदळाचा एक दाणा निघाला. कुंकवानं लाल झालेला.

शेठच्या बाईंना ते एक शब्द बोलले नाहीत. दाणा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी चेंबरचा मोठा फोटो काढून आणला, काच लावून भिंतीवर टांगला आणि खाली पाट मांडला. “वैनीसाहेब, ह्येला हळद लावा, कुंकू लावा, दुधानं न्हाऊ घाला. ह्येला व्हॅक्युम लागत न्हाई.” बाईंनी मनोभावे फोटोची पूजा केली. नंतर शेजारच्या दोन शेडवाल्यांनीही आपापल्या मशीनचे फोटो काढून घेतले म्हणतात.

आता कलशाचं. ते सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले, बाकीचं सगळं मध्ये आलं.

भीमेकाठच्या एका मोठ्या गावातल्या मंदिराला नवा कलश बसवायचा होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या बाया मला अजून ओळख देतात. कलश स्टीलचा, पाच तुकड्यांचा, एकावर एक बसणारा. काम आमच्याकडे आलं. आप्पांनी तो असा काही केला की शेडमधली सगळी माणसं जेवण सोडून बघायला आली. पॉलिश करणारा बिहारचा माणूस तर हात जोडून उभा राहिला. मग पत्रिका छापून आल्या. त्यात होतं ‘सुवर्णकलशारोहण’.

गावात ताट फिरलं होतं. कुणी मणी टाकला, कुणी नथीचा तुटका आकडा, कुणी कानातलं. मंदिराच्या अध्यक्षांनी बायांना सांगितलं होतं, हे सगळं सोनं वितळवून कलशाला लागणार. आमच्या शेडमध्ये सोन्याचा कणही आला नव्हता. यायचं कारणच नव्हतं. ते सोनं कुठं आहे हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

शेठ प्रमाणपत्र टाइप करून घेऊन आले. ‘सदर कलशास शुद्ध सोन्याचा मुलामा देण्यात आला असून…’ खाली दोन सह्यांच्या जागा. काम करणारा आणि तपासणारा.

आप्पांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “शेठ, भाईर जावा.”

शेठ हसले. “आप्पा, एका शब्दाचाच प्रश्न आहे ना? ‘मुलामा’ काढतो. ‘सोन्याचं कोटिंग’ लिहितो.”

“सोनं काढा.”

“सोनं काढलं तर राहतं काय त्यात?”

“आपलं काम ऱ्हातं. टायटॅनियम लिवा, मी सही करतो. दोनदा करतो.”

“टायटॅनियम म्हटल्यावर गावाला काय कळणार?”

“मंग कळंल असं लिवा. सोनं न्हाई म्हणून लिवा.”

शेठनी कागद त्यांच्यापुढून उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. मला कायम करायचं की नाही ते त्याच महिन्यात ठरणार होतं. कुणी मला धमकी दिली नाही. कुणी लालूचही दाखवली नाही. शेठ एवढंच म्हणाले, “मॅडम, एक सही पुरेल.” आणि मी केली. आजवर मी याची दहा कारणं स्वतःला सांगून पाहिली. एकही टिकलं नाही.

चार दिवसांनी एक बाई शेडच्या फाटकावर आली. पन्नाशीची, पायाला कांद्याच्या रानातली माती, हातात कापडी पिशवी. एसटी बदलत बदलत पत्ता शोधत आलेली. आप्पा काचेपलीकडे चेंबरमध्ये माल टांगत होते, म्हणून वॉचमननं तिला माझ्याकडे पाठवलं. तिनं पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “पोरी, सोन्याचा कलश हितंच झाला का?”

“हो, मावशी.”

“माजी बुगडी हाय त्येच्यात. सासूची व्हती. एक हिरीवर पानी शेंदताना पडली, एकच ऱ्हायली व्हती. येका कानात काय घालायची, म्हनून ताटात टाकली.” मग ती जरा लाजली. “म्हनलं, इचारून यावं. ती कंच्या बाजूला लागली? खालनं दिसंल का?”

मला तिथंच सांगता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, आत्ता हिचं मन मोडायचं नाही. स्वतःच्या भित्रेपणाला मी दया असं नाव दिलं.

“पूर्वेच्या बाजूला,” मी म्हणाले. “सकाळी ऊन पडलं की चमकेल.”

बाईनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पिशवीतून चार कांदे काढून टेबलावर ठेवले आणि निघून गेली.

आप्पा बाहेर आले तेव्हा कांदे तिथंच होते. बाई कोण होती, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर जरा कौतुकानंच सांगितलं, मी कशी तिची समजूत काढली ते. आप्पा स्टुलावर बसले.

“सही केली ती कागुद व्हता, म्याडम,” ते म्हणाले. “पूर्व कुठनं आणली तुमी?”

नंतरचे आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. काही हवं असलं तर पाटीवर खडूनं लिहून ठेवायचे.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. आम्हा दोघांची नोकरी गेली. आप्पा आता शिरूरच्या बाजूला दुसऱ्या एका शेडमध्ये चेंबर चालवतात आणि तिथल्या मालकाला बाहेर काढतात. मी दौंडला परत आले, कुरकुंभच्या एका कारखान्यात आहे. कागद वाचल्याशिवाय सही करत नाही म्हणून तिथं मला खडूस म्हणतात. म्हणू देत. कलश ठरल्या दिवशीच चढला. बाया म्हणाल्या, कलशानं काय वाईट केलंय? त्याला चढवा आणि आमचं सोनं आमच्या हातात द्या. ते अध्यक्षांच्या कपाटात निघालं. मंदिराच्या ओट्यावर बसून ज्याचं त्याला परत दिलं गेलं आणि बुगडीही मावशीच्या हातात आली. माकडांनी कलशावर उड्या मारल्या, दोन पावसाळे गेले. कलश होता तसा आहे.

पण हे सगळं नंतरचं. कलशारोहणाच्या सकाळी मांडवात हजारभर माणूस होतं आणि मला मांडवाच्या बाहेर पळून जावंसं वाटत होतं. शेठनी आम्हाला सत्काराला आणलं होतं. आप्पांनाही आणलं होतं. शाल-नारळ मिळाला की माणूस निवतो, असा शेठचा हिशेब. व्यासपीठावर मध्ये कलश, शेजारी अध्यक्ष. मी पुढच्या रांगेत, शेजारी शेठ. पुरुष पुढं, बाया मागं, आणि मागच्या त्या गर्दीत चौथ्या-पाचव्या ओळीत मावशी. हिरवं लुगडं नेसून आली होती. मला बघून तिनं हात वर केला.

आप्पांचा सत्कार झाला. शाल त्यांनी घेतली, नारळ घेतला. मग माइक कुणी दिला नव्हता तो स्वतःच घेतला आणि प्रसादाची फळं चिरणाऱ्या माणसाकडे हात केला. “चाकू द्या जरा.”

लोकांना वाटलं, नारळाची शेंडी काढायची असेल. आप्पांनी चाकूचं टोक कलशाच्या गळ्यावर टेकवलं आणि दाबून पोटापर्यंत ओढलं. करकर आवाज झाला. बाया ओरडल्या. दोन तरणी माणसं व्यासपीठावर चढली. कलशावर एक काळपट रेघ उमटली होती. आप्पांनी ती शालीच्या टोकानं पुसली. खाली काहीच नव्हतं.

“बघितलं?” ते माइकवर म्हणाले. “ती रेघ चाकूची व्हती, कलशाची न्हाई. सोनं असतं तर चरा पडला असता. सोनं मऊ असतंय, तुमाला माहीत हाय, तुमच्या घरात हाय. ह्येच्यात गुंजभर बी सोनं न्हाई. टायटॅनियम हाय, आन् ती मी लावलंय. ऊन येऊ द्या, पाऊस येऊ द्या, ह्येला काय बी व्हायचं न्हाई. मला ह्येची लाज न्हाई. पर तुमी ताटात टाकल्यालं सोनं आमच्याकडं आलंच न्हाई. ती कुठं हाय, ज्यानं ताट फिरवलं त्येला इचारा.”

मग अध्यक्ष उठले. त्यांनी खिशातून तो कागद काढला आणि उंच धरला. आवाज त्यांचा माइकशिवायही पुरेसा होता. “ह्यो मशीनवाला काय बी बरळतोय! हे लेखी प्रमाणपत्र हाय. त्या बघा, समोर बसल्यात, शिकल्याली बाई, तपासनीस. त्यांची सही हाय हितं. इचारा त्यांना!”

हजार माणसं माझ्याकडे वळली. शेठ माझ्याकडे बघत नव्हते, ते आपल्या बुटांकडे बघत होते. आप्पाही बघत नव्हते. पण मावशी बघत होती. ती मान हलवून मला खुणावत होती, की सांग पोरी, सांग ह्यांना, कुठं लागलीय ती.

मी उभी राहिले. “सही माझी आहे,” मी म्हणाले. “पण त्यात लिहिलंय ते खोटं आहे.”

पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. तिथं गलका उठला. अध्यक्ष ओरडायला लागले, शेठ माझ्या दंडाला धरून खाली बसवायला लागले. आप्पा व्यासपीठावरून उतरले, त्या गर्दीतून सरळ माझ्यापुढं आले आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

“म्याडम, मागं ऐकाय गेलं न्हाई. बाया मागं बसल्यात. परत म्हणा.”

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मी दंड सोडवून घेतला, खुर्चीवर चढले आणि मागच्या गर्दीतलं ते हिरवं लुगडं शोधलं.

“मावशी,” मी म्हणाले, आणि या वेळी माझा आवाज मांडवाच्या पार टोकापर्यंत गेला, “तुमची बुगडी पूर्वेला नाही. कुठल्याच बाजूला नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले.”